परवाना उठला, मग विचारायचे कुणी?

आमच्या घरात बंदूक आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. एकनळी, काडतुसाची, पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. कोकणातल्या ज्या वाचकांचा काजू, नारळ आणि भात वानरांनी आणि रानडुकरांनी खाल्ला आहे, त्यांना ती कशासाठी हे सांगायला नको. आमच्याकडे ती मारण्यापेक्षा बार काढून जनावर हाकलण्यासाठीच जास्त चालली.

हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते बंदुकीला घाबरणाऱ्या बाईने लिहिले असे कुणाला वाटू नये. मी बंदुकीच्या घरात नांदले. ती कुठे टांगतात, काडतुसे कुठल्या पेटीत असतात आणि त्या पेटीची किल्ली कुणाच्या कमरेला असते, हे सासूबाईंनी मला चूल कशी पेटवायची हे दाखवल्याच्या दुसऱ्याच दिवशी दाखवले होते.

परवान्याचा त्रासही मी पाहिला आहे. सातबारा आणा, तलाठ्याचा दाखला आणा, पोलीस चौकशीला येणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, मग कागद जिल्हाधिकारी कचेरीत. मुदत संपली की पुन्हा नूतनीकरणाच्या फेऱ्या. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि निवडणूक बऱ्याचदा नेमकी काजूच्या दिवसांत. हे चिडून म्हणायचे, "वानरांना आचारसंहिता कुणी सांगायची?" मी हसायचे, पण राग मलाही यायचा.

तर २०२३ साली मी लेकीकडे अमेरिकेला गेले. ती टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या उत्तरेला राहते. एकदा जेवताना जावई म्हणाले, "आई, इथे आता पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही." मला आधी खरेच वाटले नाही. चार महिने राहिले, ऐकले, पाहिले, परत आल्यावरही वाचत राहिले. गावात अजून बायाबापड्या विचारतात, "तिकडे म्हणे सगळ्यांच्या खिशात पिस्तूल असते?" तसे नाही. पण जे आहे ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता तिकडे घरे करून राहिली आहेत.

पहिली गोष्ट अशी, की विकत घेणे वेगळे आणि जवळ बाळगणे वेगळे. दुकानातून पिस्तूल घ्यायचे तर तिथल्या केंद्राच्या कायद्याने वय २१ पूर्ण लागते, अर्ज भरावा लागतो आणि दुकानदार गिऱ्हाइकाची नोंद तपासून घेतो. मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला हत्यार ठेवता येत नाही. माझ्यासारखी पाहुणी, किंवा तात्पुरत्या व्हिसावर नोकरीला गेलेला मुलगा, यांनाही ते बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढलेल्यांसाठी वगैरे काही अपवाद आहेत. मात्र टेक्सासात एका माणसाने दुसऱ्याला खाजगीत विकले तर ती तपासणी करावीच लागते असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पिस्तूल कमरेला खोचून, वर सदरा सोडून, बाजारात जाणे. यासाठी पूर्वी परवाना लागायचा. टेक्सासात त्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, नेम मारून दाखवण्याची परीक्षा, बोटांचे ठसे आणि फी. ती फी २०१७ पर्यंत १४० डॉलर होती, मग ४० केली. १ सप्टेंबर २०२१ पासून ही सक्ती उठली. २०२१ च्या त्या कायद्यात वय २१ असावे आणि हत्यार ठेवण्याची कायद्याने बंदी नसावी, एवढीच अट होती. अलीकडच्या पाच वर्षांत मारहाण, धमकी अशा काही ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना मात्र ही मोकळीक नाही. ज्याला हवा त्याला परवाना अजूनही काढता येतो, पण तो ऐच्छिक.

सिनेमात घोड्यावरचा माणूस कमरेला पिस्तूल लावून गावात शिरतो, त्यामुळे मला वाटायचे की तिकडे पहिल्यापासून असेच असणार. वाचले तर उलटेच निघाले. हत्यार लपवून बाळगण्यावर बंदी घालणारे पहिले कायदे केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच केले. उघड हत्यार बाळगणारा सरळ माणूस आणि लपवणारा दगलबाज, अशी तेव्हाची समजूत. खुद्द टेक्सासने १८७१ साली पिस्तूल घेऊन हिंडण्यावर बंदी घातली आणि ती थोड्याफार फरकाने सव्वाशे वर्षे टिकली. अ‍ॅरिझोनातले टूम्स्टोन नावाचे खाणीचे गाव आहे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी तिथे जी गोळीबाराची चकमक झाली तिच्यावर सिनेमे निघाले. त्या चकमकीचे निमित्त काय, तर गावात हत्यार घेऊन फिरायचे नाही असा गावाचा नियम होता आणि मार्शल काही जणांची हत्यारे काढून घ्यायला गेला होता.

मग काटा फिरला कसा? व्हरमाँट नावाचे एक छोटे राज्य आहे. तिथल्या न्यायालयाने १९०३ साली एका शहराचा परवान्याचा नियम रद्द केला, तेव्हापासून तिथे परवाना नाहीच. पण ते राज्य जवळजवळ शंभर वर्षे एकटेच राहिले. १९८७ साली फ्लोरिडाने ठरवले की अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवायचे नाही. तो नमुना राज्याराज्यांत पसरला. टेक्सासने १९९५ साली परवान्याची पद्धत आणली. पुढे २००३ साली अलास्काने परवान्याची सक्तीच काढून टाकली, २०१० साली अ‍ॅरिझोनाने, आणि मग रांगच लागली. २०२४ साली साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना यांची भर पडून अशी राज्ये २९ झाली. पन्नासांतली एकोणतीस! त्यात केंटकी २०१९ पासून आहेच. म्हणजे १८१३ साली ज्या दोन राज्यांनी पहिली बंदी आणली, ती दोन्ही आज परवान्यातून मोकळी आहेत. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा राज्यांत परवाना अजून लागतो. पण 'तुला पिस्तुलाची खास गरज काय' असे विचारून तो नाकारता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिला.

एका रविवारी जावयांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही गेलो. डॅलसपासून दोन तासांवर, काळी जमीन. आपल्या परभणीकडची आठवण यावी अशी. मका, गहू, थोडा कापूस. गृहस्थ साठीचे, मोठे अगत्यशील. मला "मॅम" म्हणत होते आणि मला चालताना ढेकळे लागू नयेत म्हणून बांधाच्या कडेने नेत होते. मी रानडुकरांचा विषय काढला आणि आमची गट्टीच जमली. तिथेही डुकरांचा तोच उच्छाद! पेरलेल्या मक्याच्या ओळीत नाक घालून कळप रात्रीत दाणान् दाणा वेचून खातो. टेक्सासात अशी वीस लाखांहून जास्त डुकरे असावीत असा अंदाज सांगतात. खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, ती मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. हेलिकॉप्टरमधून मारायलासुद्धा २०११ च्या कायद्याने वाट मोकळी केली आहे. हे ऐकून मी लेकीला म्हटले, "तुझ्या बाबांना सांगू नकोस, त्यांना रात्री झोप लागणार नाही!"

त्यांची रायफल गाडीत, मागच्या बाजूला. ती डुकरांसाठी. रायफल उघड बाळगायला टेक्सासात कधीच परवाना लागत नव्हता, म्हणजे शेतकऱ्याची अडचण या नव्या कायद्याने सुटली असे काही नाही. नंतर ते पाण्याचा नळ बंद करायला वाकले आणि सदरा वर सरकला, तेव्हा कमरेला पिस्तूल दिसले. तासभर मी या माणसाशी बोलत होते आणि मला पत्ता नव्हता! भीती वाटली असे नाही, पण नजर पुन:पुन्हा तिकडे जाऊ लागली. डुकरासाठी रायफल आहे, मग हे कुणासाठी?

मी लेकीकरवी सरळ विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मॅम, इथून पोलीस यायला अर्धा तास लागतो. पहिला परवाना निघाला तेव्हापासून माझ्याजवळ आहे. पण घटनेने जो हक्क दिला, तो वापरायला मी सरकारला फी का भरायची? आणि ज्याला वाईट करायचे आहे तो परवान्याच्या रांगेत उभा राहतो का?"

वाचकहो, या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परवाना देणारा हात नेहमी न्यायाचाच असतो असे नाही. आपल्याकडे इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला तो आपल्या रक्षणासाठी नव्हे, आपण निःशस्त्र राहावे म्हणून. तिकडे १९५६ साली मार्टिन लूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा त्यांनी अलाबामा राज्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. ज्याला खरी गरज होती त्यालाच नाही म्हटले! तेव्हा अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका म्हणणाऱ्यांचे दुःख मला कळते.

पण निघताना त्या गृहस्थांचा नातू ट्रॅक्टरवर बसलेला पाहिला. तेरा-चौदा वर्षांचा. मी म्हटले, "चालवतो वाटते?" ते म्हणाले, "दोन उन्हाळे मी शेजारी बसलो, मग चावी दिली. रायफलीचेही तसेच." परतीच्या वाटेवर माझ्या मनात तेच घोळत राहिले. सरकारने विचारू नये म्हणणारा हा माणूस आपल्या घरात मात्र पुरता परवाना कचेरीचा साहेब आहे! तो शिकवतो, पारखतो, मगच हातात देतो. अशी सगळी घरे असती तर परवान्याची गरजच नव्हती. पण ज्या घरात असा आजोबा नाही, तिथे काय? टेक्सासचा कायदा होत असताना अनेक पोलीसप्रमुखांनी विरोध केला तो याचसाठी. निदान एक वर्ग आणि नेमाची एक परीक्षा तरी राहू द्या, असे म्हणणारे होते.

हा प्रश्न माझ्या लेकीच्या घरातही शिरला होता, म्हणून तर मला त्यात एवढे लक्ष. जावयांना त्याच वर्षी कायम वास्तव्याचे कार्ड मिळाले होते. म्हणजे आता त्यांना पिस्तूल घेण्याची कायदेशीर आडकाठी राहिली नव्हती. कचेरीतले सहकारी म्हणत होते, "घेऊन टाक, आता परवानासुद्धा लागत नाही." लेक म्हणे, घरात चार वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, मला नको. आठवडाभर घरात धुसफूस. शेवटी जावईच मला म्हणाले, "आई, तुमच्या घरात तर बंदूक होती. तुम्हीच सांगा."

मी म्हटले, "घ्या की घेऊ नका हे मी सांगणार नाही. संसार तुमचा आहे. आमच्याकडे तलाठ्यापासून फौजदारापर्यंत सगळे जे विचारत होते, तेवढे तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारा. कशासाठी हवे? किल्ली कुणाकडे? गोळ्या कुठे? मुलगा उंच झाला, कपाटाच्या वरच्या फळीला हात पोचायला लागला, की काय? आणि घरात एखाद्याचे मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी काय?"

शेवटचा प्रश्न ऐकून दोघेही गप्प झाले. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यांतले निम्म्याहून जास्त आत्महत्येचे असतात, हे जावयांनीच मला नंतर सांगितले. आपल्या शेतकरी घरांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको. कीटकनाशकाचा डबा घरात माजघरात ठेवू नका, कुलपात ठेवा, असे आपण एकमेकांना का सांगतो? माणूस वाईट म्हणून नव्हे. एखादी रात्र वाईट असते आणि त्या रात्री हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असते म्हणून.

जावयांनी ठरवले ते मला पटले. परवाना लागत नसला तरी परवान्याचा वर्ग आधी करायचा, परीक्षा द्यायची, आणि मग घ्यायचे की नाही ते बघायचे. वर्गात त्यांना कळले की परवान्याचा उपयोग अजून संपलेला नाही. शाळेपासून हजार फुटांच्या आत हत्यार नेण्यावर केंद्राच्या कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असेल तर तिच्यातून सूट मिळते. खाजगी जागा तेवढी वगळलेली. आता शहरात हजार फुटांवर शाळा कुठे नसते? राज्याने म्हटले परवाना नको, आणि केंद्राचा कायदा शाळेच्या कोपऱ्यावर उभा! दुकानांच्या दारांवरच्या पाट्याही जावई मला वाचून दाखवू लागले. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, इंचभर उंच अक्षरांत. एक पाटी परवाना नसलेल्यांना हत्यारासह आत येऊ नका म्हणते, दुसरी परवाना असलेल्यांनाही अडवते. दारूच्या विक्रीवरच मुख्य मिळकत असलेल्या गुत्त्याच्या दारावर तांबड्या आकड्यात ५१ लिहिलेले, तिथे कुणालाच परवानगी नाही. सरकारने विचारणे सोडले, तेव्हा दुकानदाराने दारावर पाटी लावून विचारायला सुरुवात केली, असाच याचा अर्थ.

राहिला नातवाचा प्रश्न. तो रोज दुपारी दोन घरे सोडून पलीकडे खेळायला जायचा. मी लेकीला म्हटले, "त्यांच्या घरात पिस्तूल आहे का, विचारलेस?" ती म्हणाली, "आई, असे कसे विचारायचे? त्यांना काय वाटेल?" मी म्हटले, "पोराला शेंगदाणा चालत नाही हे सांगितलेस ना? विहिरीला कठडा आहे का हे आम्ही विचारायचो ना? मग हे त्यातलेच."

लेक संकोचत गेली. मीही मागे. शेजारीण क्षणभर थबकली, मग म्हणाली, "बरे झाले विचारलेत." आणि आत नेऊन भिंतीत बसवलेली पोलादी तिजोरी दाखवली. आकड्यांचे कुलूप, गोळ्या वेगळ्या पेटीत. मग तीच म्हणाली, की पलीकडच्या गल्लीतल्या घरी तिची मुलगी जाते, तिथे तिने कधी विचारले नाही, आता विचारेन. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणाने ठेवलेले भरलेले हत्यार लागले, तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो, असा कायदा १९९५ पासून आहे. पण तो कायदा विचारायला येतो तो मूल हत्यारापर्यंत पोचल्यानंतर. आधी विचारणारी आईच.

आमच्या घरची बंदूक अजून आहे, परवानाही चालू आहे. नूतनीकरणाच्या फेऱ्यांना हे अजून शिव्या घालतात आणि वानरे काजूवर तशीच येतात. शेतकऱ्याला हंगामात त्याचे हत्यार हाती राहावे आणि हेलपाटे कमी व्हावेत, ही आपली मागणी रास्त आहे आणि ती मी करीतच राहीन. पण विचारणारे कुणीच नको, असे मात्र मी म्हणणार नाही.

ज्यांची मुले, लेकी-सुना त्या देशात आहेत त्यांनी एवढे करावे. फोनवर पाऊस आणि पगार विचारता तसे हेही विचारा. तुमच्या राज्यात कायदा काय? घरात हत्यार आहे का? असेल तर कुलपात आहे का, आणि किल्ली कुणाकडे? नातवंडे खेळायला जातात त्या घरी कुणी विचारले का? पोरे म्हणतील, "आईचे आपले काहीतरीच." म्हणू द्या. उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.